प्रिंटरची शाई वाचवायची तर सेटिंग नेमकी कुठे बदलायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातलं घर, विंडोज ११ चा कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेला दोन कार्ट्रिजचा साधा इंकजेट प्रिंटर. मुलांच्या वर्कशीट, विजेचं बिल, कधी आधारची प्रत, एवढंच छापलं जातं आणि तेही बहुतेक काळ्या शाईत. दर वेळी वर्डमध्ये ‘ड्राफ्ट’ निवडलं तरी पुढच्या वेळी सेटिंग परत ‘नॉर्मल’वर येते. शिवाय फक्त काळं छापूनही रंगीत कार्ट्रिज रिकामं होतं. यावर कायमचा इलाज काय?

आधी सेटिंग का टिकत नाही ते बघू. वर्डमध्ये कंट्रोल + पी दाबून ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये केलेला बदल तेवढ्यापुरताच असतो. वर्ड बंद केलं की तो गेला. त्याच वेळी उघडलेल्या ब्राउझरला किंवा पीडीएफ रीडरला तर त्याचा पत्ताही नसतो. प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना विंडोजकडून प्रिंटरची मूळ सेटिंग घेतो, म्हणून बदल त्या मुळात करायला हवा.

त्यासाठी सेटिंग्ज उघडा, ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’मध्ये जा, मग ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’, मग तुमच्या प्रिंटरचं नाव, आणि तिथे ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’. जी खिडकी उघडेल ती वर्डमधून उघडते तशीच दिसते, त्यामुळे आपण तेच तर करत होतो असं वाटेल. पण इथे ‘अप्लाय’ केलेलं टिकतं. वर्ड किंवा ब्राउझर आधीपासून उघडा असेल तर तो बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर तो जुनीच सेटिंग धरून बसतो आणि तुम्हाला वाटतं काही झालंच नाही.

एक बारीक गोष्ट. प्रेफरन्सेस फक्त तुमच्या लॉगिनपुरत्या असतात. घरात मुलांचं खातं वेगळं असेल तर सेटिंग्जमधल्या याच पानावरच्या (वर्डमधल्या नव्हे) ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवर ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’ नावाचं बटण असतं, तिथून तोच बदल करा. तो सगळ्या खात्यांना लागू होतो. त्यासाठी ॲडमिनचं खातं लागतं, आणि ज्याने आधी स्वतःच्या प्रेफरन्सेस बदलून ठेवल्या आहेत त्याच्याकडे त्याच राहतात. त्याच्या खात्यात जाऊनच त्या बदलाव्या लागतील.

आणि ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’च्याच पानावर खाली ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ असा खटका आहे, तो बंद करा. तो चालू असला की शेवटी वापरलेला प्रिंटर आपोआप डिफॉल्ट होतो. एकदा ‘प्रिंट टू पीडीएफ’ने पीडीएफ सेव्ह केली की पुढची प्रिंट कागदावर न येता फाइल म्हणून कुठेतरी जाऊन पडते, असं होतं ते यामुळेच.

प्रेफरन्सेसमध्ये बदलायचं काय? तीनच गोष्टी: क्वालिटी, रंग आणि कागदाचा प्रकार. बाकी वीस पर्याय दिसतील, त्यांच्या नादी लागू नका.

क्वालिटी ड्राफ्टवर ठेवा. ड्राफ्टमध्ये हेड, म्हणजे शाई टाकणारा भाग, भरभर फिरतं, थेंब विरळ टाकतं आणि एका ओळीवरून कमी वेळा जातं. अक्षर काळंकुळीत न येता गडद राखाडी येतं. घरातल्या वाचून टाकायच्या कागदाला तेवढं पुरतं. नाव कंपनीगणिक बदलतं: एप्सन, कॅनन आणि एचपीत ‘ड्राफ्ट’, ब्रदरमध्ये ‘फास्ट’. ब्रदरच्या इंकजेटमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवर वेगळा ‘इंक सेव्ह मोड’ही असतो. तो रंग फिका करून कडा ठळक ठेवतो. तक्ते आणि आकृत्यांना तो बरा, फोटोला अजिबात नाही. कॅननच्या ‘क्विक सेटअप’ टॅबवर खाली ‘ऑलवेज प्रिंट विथ करंट सेटिंग्ज’ अशी चौकट आहे. तिच्यात टिक केली नाही तर सगळी मेहनत वाया जाते, आणि ती नेमकी खाली कोपऱ्यात असल्याने नजरेतून सुटते.

रंगाच्या बाबतीत ‘ग्रेस्केल’ (राखाडी छटांतली छपाई) निवडलं म्हणजे फक्त काळी शाई वापरली जाईल असं समजू नका. एचपीमध्ये ‘प्रिंट इन ग्रेस्केल’खाली दोन पर्याय मिळतात: ‘हाय क्वालिटी ग्रेस्केल’ आणि ‘ब्लॅक इंक ओन्ली’. पहिल्यात राखाडी छटा मुलायम याव्यात म्हणून रंगीत कार्ट्रिजमधले तिन्ही रंग मिसळले जातात. तुम्हाला हवा तो दुसरा. हा पर्याय बहुतेक ‘ॲडव्हान्स्ड’ बटणामागे लपलेला असतो. कॅननच्या दोन कार्ट्रिजच्या मॉडेलमध्ये याहून पक्की सोय आहे: ‘मेंटेनन्स’ टॅबवर ‘इंक कार्ट्रिज सेटिंग्ज’, तिथे ‘ब्लॅक ओन्ली’. मात्र साधा कागद निवडलेला नसेल किंवा बॉर्डरलेस (कडेपर्यंतची छपाई) चालू असेल तर ती चालत नाही. एचपीच्या बऱ्याच डेस्कजेटमध्ये रंगीत कार्ट्रिज काढून ठेवलं तरी प्रिंटर एका कार्ट्रिजवर चालतो. पण हा उपाय रंगीत कार्ट्रिज खरंच संपल्यावरचा आहे. भरलेलं कार्ट्रिज बाहेर ठेवलं तर त्याची नोझल, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं, वाळतात आणि वाचवायला गेलेली शाई तशीच वाया जाते.

हे पर्याय तुमच्या खिडकीत दिसतच नसतील तर समजा की विंडोजने स्वतःचाच साधा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) बसवला आहे. वायफायवरून प्रिंटर आपोआप जोडला गेला की असं सर्रास होतं. ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड’वर ड्रायव्हरचं नाव बघा. ‘मायक्रोसॉफ्ट आयपीपी क्लास ड्रायव्हर’ लिहिलं असेल तर कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर टाकून पूर्ण ड्रायव्हर उतरवून घ्या.

तिसरी गोष्ट, कागदाचा प्रकार, लोक सगळ्यात कमी बघतात आणि रंगीत शाई बऱ्याचदा तिथूनच जाते. अनेक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची (न विरघळणाऱ्या बारीक कणांची) असते आणि रंगीत डायची (विरघळलेल्या रंगाची). पिगमेंट काळी साध्या कागदासाठी असते, चकचकीत फोटो पेपरवर ती नीट धरत नाही. त्यामुळे कागद ‘फोटो’ किंवा ‘ग्लॉसी’ निवडला असेल तर प्रिंटर काळा रंगही सायन, मजेंटा आणि पिवळा मिसळून तयार करतो. वर शाईचं प्रमाणही वाढवतो, कारण जाड फोटो पेपर ती पिऊ शकतो. एकदा कुणीतरी पासपोर्ट फोटो छापायला हा पर्याय निवडला आणि तसाच राहिला, की पुढचे कित्येक दिवस साध्या अक्षरांना फोटोची शाई लागत राहते. म्हणून ‘प्लेन पेपर’ पक्का करा, आणि बॉर्डरलेस बंद आहे ना ते पाहा. बॉर्डरलेसमध्ये चित्र कागदाहून थोडं मोठं करून छापतात. कडेबाहेरची शाई सरळ आतल्या स्पंजवर जाते.

काळं छापूनही रंग संपायचं दुसरं मोठं कारण सेटिंगमध्ये नसून साफसफाईत आहे. त्यावर खाली लिहितो, कारण नागपूरच्या उन्हाळ्याचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

एकाच प्रिंटरची दोन नावं

ड्राफ्ट-ग्रेस्केल कायमचं ठेवलं की पहिली अडचण येते ती हॉल तिकिटाची किंवा मुलांच्या रंगीत प्रोजेक्टची. मग कुणीतरी घाईत सेटिंग उलटी करतं आणि ती तशीच राहते. यावर माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय म्हणजे तोच प्रिंटर विंडोजमध्ये दोनदा बसवणं. मशीन एकच, पण यादीत नावं दोन आणि प्रत्येकाची सेटिंग वेगळी.

१. चालू प्रिंटरच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘पोर्ट्स’ टॅब उघडा (पोर्ट म्हणजे प्रिंटर जोडलेली वाट) आणि टिक कशावर आहे ते लिहून ठेवा. यूएसबीची वायर असेल तर बहुधा ‘यूएसबी००१’ असेल.

२. ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्ये ‘ॲड डिव्हाइस’ दाबा, जरा थांबा, मग ‘ॲड मॅन्युअली’ दिसेल. त्यात ‘ॲड अ लोकल प्रिंटर ऑर नेटवर्क प्रिंटर विथ मॅन्युअल सेटिंग्ज’ निवडा.

३. ‘यूज ॲन एक्झिस्टिंग पोर्ट’मध्ये लिहून ठेवलेला पोर्ट द्या, यादीतून तुमचं मॉडेल निवडा आणि ‘यूज द ड्रायव्हर दॅट इज करंटली इन्स्टॉल्ड’वर राहू द्या.

४. नाव विचारेल तेव्हा मराठीत द्या, चालतं. एकाला ‘रोजची प्रिंट’, दुसऱ्याला ‘रंगीत चांगली’. शेअर करू नका. टेस्ट पेज छापू नका, त्यात रंगीत चिन्ह असतं.

‘रोजची प्रिंट’ डिफॉल्ट करून तिच्या प्रेफरन्सेस ड्राफ्ट आणि काळ्यावर ठेवा. ‘रंगीत चांगली’ स्टँडर्डवर राहू द्या. आता घरातल्या कुणालाही सेटिंग समजावून सांगावी लागत नाही, छापताना नाव तेवढं निवडायचं. वायफायच्या प्रिंटरचा पोर्ट ‘डब्ल्यूएसडी’ने सुरू होत असेल तर दुसरी नोंद कधी कधी ऑफलाइन दाखवते. तेव्हा प्रिंटरला राउटरमध्ये ठराविक आयपी पत्ता (वायफाय नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) द्या आणि ‘टीसीपी/आयपी’ पोर्ट तयार करून त्यावर दोन्ही नोंदी बसवा.

डिफॉल्ट जिथे पोहोचत नाही

एक्सेल हा सगळ्यात छुपा चोर आहे. एक्सेलची फाइल प्रिंटरची सेटिंग स्वतःच्या पोटात साठवते, तीही प्रत्येक शीटची वेगळी. सोसायटीच्या हिशेबाची फाइल कुणी त्यांच्या ऑफिसच्या रंगीत प्रिंटरवर तयार केली असेल, तर तुमच्याकडे ती तुमचं डिफॉल्ट बाजूला सारू शकते. ‘पेज लेआउट’मधून ‘पेज सेटअप’ उघडा. ‘शीट’ टॅबवर ‘ब्लॅक अँड व्हाइट’ आणि ‘ड्राफ्ट क्वालिटी’ या दोन चौकटी आहेत. पहिली लावली की रकान्यांचे पिवळे-हिरवे पट्टे छापलेच जात नाहीत, ते राखाडीही होत नाहीत. हिशेबाच्या कागदाला याहून चांगली सोय नाही. पॉवरपॉइंटमध्ये ‘प्युअर ब्लॅक अँड व्हाइट’ निवडा आणि ‘हँडआउट्स’मधून एका पानावर सहा स्लाइड घ्या.

क्रोममध्ये ‘मोअर सेटिंग्ज’खाली ‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’ची टिक काढा. रंग स्वतः ‘ब्लॅक अँड व्हाइट’वर न्या, कारण क्रोम आपली मागची निवड लक्षात ठेवतं. बातमी किंवा रेसिपी छापायची तर फायरफॉक्सच्या प्रिंट खिडकीत ‘सिम्प्लिफाइड’ आहे, जाहिराती गळून पडतात. ॲडोबी रीडरमध्ये ‘प्रिंट इन ग्रेस्केल’ आणि ‘सेव्ह इंक/टोनर’ अशा दोन चौकटी प्रिंटच्या खिडकीतच आहेत. आणि महावितरणचं बिल असो की बँकेचं स्टेटमेंट, पानांच्या रकान्यात ‘१’ लिहायला विसरू नका. सूचना-जाहिरातींची मागची पानं कोण वाचतं!

मोबाइलवरून दिलेली प्रिंट कॉम्प्युटरला विचारतच नाही. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल फोनमधूनच वायफाय प्रिंटरला पाठवली तर तिला फोनची सेटिंग लागते आणि तिथे मूळ निवड बहुतेक ‘कलर’ असते. वरची पट्टी खाली ओढून दर वेळी ‘ब्लॅक अँड व्हाइट’ निवडावं लागतं. तसंच प्रिंटरवरच्या कॉपीच्या बटणांचं. तिथे काळ्या कॉपीचं बटण दाबा, आणि झाकण बंद ठेवा. जाड पुस्तक ठेवून झाकण उघडं राहिलं की काचेचा रिकामा भाग काळाकुट्ट छापला जातो. त्या एका पानात डझनभर पानांची शाई सहज जाते.

फोटो काढून पाठवलेली वर्कशीट

शाळेच्या ग्रुपवर बाई वहीच्या पानाचा फोटो टाकतात आणि घरोघरी तो तसाच छापला जातो. या एका सवयीपुढे ड्राफ्ट मोडची सगळी बचत फिकी पडते.

कारण असं: साध्या मजकुराच्या पानावर शाई लागलेला भाग कागदाच्या साधारण ५ टक्के असतो, बाकी कागद कोरा. फोटोत मात्र पांढरा कागद पांढरा नसतोच. कॅमेरा पांढऱ्या पानालाही मधल्या उजेडावर आणून ठेवतो, त्यावर ट्यूबलाइटची पिवळसर झाक आणि फोन धरलेल्या हाताची सावली. प्रिंटरला ते सगळं ‘छापायचं चित्र’ वाटतं. तो पूर्ण ए४ वर, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटरवर, विरळ ठिपक्यांचा थर देतो. रंग बंद नसेल तर ही राखाडी झाक तिन्ही रंगांतून येते. कागद ओलसर होतो, किंचित वळतो आणि पेन्सिलने लिहिलं की काळपट दिसतो.

उपाय तीन जागी आहे. पाठवणाऱ्याने फोटोऐवजी स्कॅन पाठवावा. गूगल ड्राइव्हच्या ॲपमध्ये स्कॅनची सोय आहे, ती पान सरळ करते आणि पार्श्वभूमी पांढरी करते. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर व्हॉट्सॲप ती दाबून खराबही करत नाही. ते शक्य नसेल तर आलेला फोटो वर्डमध्ये टाका, त्यावर क्लिक करा, ‘पिक्चर फॉरमॅट’मध्ये ‘कलर’, त्यातल्या ‘रीकलर’च्या चौकोनांत ‘ब्लॅक अँड व्हाइट: ५०%’. एका क्लिकमध्ये झाक जाते, नुसती अक्षरं राहतात. अक्षरं तुटली किंवा सावलीचा डाग काळा झाला तर शेजारचे २५ आणि ७५ टक्क्यांचे चौकोन लावून पाहा. तिसरं म्हणजे छापण्याआधी प्रिव्ह्यूकडे बघणं. त्यात कागदाची कड आणि चित्राची कड वेगळी दिसत असेल तर झाक अजून शिल्लक आहे.

डार्क मोडमधले स्क्रीनशॉट हा याचाच मोठा भाऊ. वेळापत्रक किंवा पेमेंटची पावती काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत असते आणि तशीच छापली तर पानभर काळी शाई ओतली जाते. पेंटमध्ये उघडून सगळं निवडा, उजवी क्लिक करा, ‘इन्व्हर्ट कलर’.

मराठी मजकूर आणि ड्राफ्ट

इंग्रजीसाठी ड्राफ्ट बिनधास्त लावता येतो, देवनागरीत थोडं बघावं लागतं. आपल्या लिपीत अर्थ बारीक जागी असतो: अनुस्वाराचा एक ठिपका, उकाराचा छोटा आकडा, घ आणि ध किंवा भ आणि म यांच्यात शिरोरेषेतली इवलीशी फट. ड्राफ्टमध्ये हेडची ओळ जराशी जरी सरकली तरी शिरोरेषा दुहेरी किंवा तुटक दिसते आणि म चा भ होतो. म्हणून एकदा १०, १२ आणि १४ पॉइंटमध्ये एकच परिच्छेद ड्राफ्टमध्ये छापून मुलाला वाचायला द्या. जिथे तो अडखळत नाही तो आकार तुमचा. शिरोरेषा दुहेरी येत असेल तर ती चूक ड्राफ्टची नाही. मेंटेनन्समधून ‘हेड अलाइनमेंट’ एकदा करून घ्या.

फाँट बदलून शाई वाचवायची चर्चा अधूनमधून रंगते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ग्रीन बे शाखेने २०१० मध्ये ईमेलचा फाँट एरियलवरून सेंच्युरी गॉथिकवर नेला तो याच हिशेबाने. पण सेंच्युरी गॉथिक रुंद आहे, पानं वाढू शकतात. मराठीत मंगलऐवजी कोकिळा किंवा अपराजिता घेतला तर शाई कमी लागते खरी, कारण त्याच पॉइंटला ही अक्षरं मुळातच लहान आणि सडपातळ असतात. वाचायला पुरेशी करायला पॉइंट वाढवला की फायदा बराचसा परत जातो. यात फार जीव टाकू नका. दोन्ही बाजूंनी छापण्याचंही तेच, त्याने कागद वाचतो, शाईचा एक थेंबही नाही. एका पानावर दोन पानं छापलीत तर मात्र दोन्ही वाचतात, कारण प्रत्येक पानाचं क्षेत्रफळ निम्मं होतं. १२ पॉइंटचं अक्षर अशा वेळी साधारण साडेआठ पॉइंटचं दिसतं, तेव्हा मराठीसाठी मूळ अक्षर १४ चं असेल तरच.

ड्राफ्ट कुठे नको ते स्पष्ट सांगतो: परीक्षेचं हॉल तिकीट, क्यूआर कोड असलेला सातबारा, आधार, कुरिअरचं बारकोडचं लेबल. फिक्या छपाईत कोडच्या चौकोनांच्या कडा फाटतात आणि स्कॅनर वाचत नाही. ही कागदपत्रं ‘रंगीत चांगली’वरून, पण ग्रेस्केल निवडून छापा.

मे महिना, कूलर आणि बोर्डाचं बटण

आता ती साफसफाई. इंकजेटचं हेड वाळू नये म्हणून प्रिंटर अधूनमधून सगळ्या नोझलांतून थोडी शाई बाहेर टाकतो. ती रंग बघून टाकत नाही, काळ्याबरोबर रंगीतही जाते. तुम्ही रंगीत एकही पान न छापता रंगीत कार्ट्रिज रिकामं होतं ते मुख्यतः यामुळे.

ही शाई वाढवणारी सगळ्यात वाईट सवय म्हणजे प्रिंटर भिंतीच्या बोर्डावरून बंद करणं. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं. वीज मध्येच तोडली तर ते जिथे असेल तिथे उघडं राहतं. शिवाय दर वेळी नव्याने वीज मिळाली की अनेक प्रिंटर सावधगिरी म्हणून साफसफाई करून घेतात. म्हणून आधी प्रिंटरचं बटण दाबा, दिवा विझू द्या, मगच हवं तर बोर्ड बंद करा. मधेच लाईन गेली तर आल्यावर प्रिंटर चालू करून पुन्हा बटणानेच बंद करा, म्हणजे हेड टोपीवर जाईल.

बहुतेक घरगुती इंकजेट १० ते ३५ अंश तापमानासाठी बनवलेले असतात. नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) नागपूरच्या पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत दुपारी ३५ अंश म्हणजे थंड म्हणायचं. कोरड्या हवेत नोझलच्या तोंडावरची शाई चिकट होते. प्रिंटर कूलरच्या झोताच्या वाटेत ठेवणं हा त्यावरचा उपाय नाही. तिथे कागद दमट होतो, शाई पसरते आणि दोन पानं एकत्र ओढली जातात. आतल्या भिंतीपाशी, उन्हापासून दूर ठेवा. एप्रिल ते जूनमध्ये आठवड्यातून एकदा नोझल चेक छापा. त्यात चारही रंगांच्या बारीक रेघा असतात, शाई नगण्य लागते आणि हेड ओलं राहतं. पावसाळ्यात उघडी रीम पिशवीत बांधून ठेवा.

रेघा तुटक दिसल्या तर साफसफाई एकदा करा, पुन्हा चेक करा. दोन-तीनदा करूनही फरक नसेल तर थांबा. प्रिंटर बंद करून रात्रभर राहू द्या, मऊ पडलेली शाई सकाळी बऱ्याचदा मोकळी होते. ओळीने आठ-दहा साफसफाया केल्या तर छोटं कार्ट्रिज तिथेच संपतं. टँकवाल्या (कार्ट्रिजऐवजी बाटलीने टाकीत शाई भरायच्या) प्रिंटरमध्ये वाया गेलेली शाई आतल्या पॅडमध्ये साठते, आणि ते भरलं की प्रिंटर काम थांबवतो. टँकवाल्यांतली ‘पॉवर क्लीनिंग’ तर पाइपमधली शाई मोठ्या प्रमाणात ओढून टाकते. ती शेवटचा उपाय म्हणून, आणि टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या असतानाच.

किती धडपड करायची

हे मशीनवर अवलंबून आहे. एप्सनच्या एल३११० सारख्या टँक प्रिंटरची ००३ क्रमांकाची काळी बाटली ६५ मिलिलिटरची, तिची कंपनीने सांगितलेली पानं ४,५००. म्हणजे पानाला सुमारे ०.०१४ मिलिलिटर. एचपीचं ८०५ क्रमांकाचं काळं कार्ट्रिज साधारण १२० पानांचं. त्या एका बाटलीइतकी पानं काढायला अशी ३७-३८ कार्ट्रिज लागतील. म्हणून कार्ट्रिजवाल्याने वरचं सगळं नेटाने करावं. टँकवाल्याने ड्राफ्ट लावावा, फोटोची झाक काढावी आणि बाकी प्रिंटर वापरात ठेवावा. शाई वाचवायला म्हणून महिनाभर न छापलेला टँक प्रिंटर बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) दुरुस्तीला न्यावा लागला तर सगळा हिशेब उलटा होतो. हे पानांचे आकडे सलग छापून काढलेले असतात, घरच्या चार दिवसांआडच्या वापरात ते कमीच भरतात.

लेझर असेल तर शाई नाही, टोनर, म्हणजे भुकटी. एचपीत ‘इकोनोमोड’, कॅनन आणि ब्रदरमध्ये ‘टोनर सेव्ह’. एचपी स्वतःच इकोनोमोड कायम चालू ठेवू नका म्हणते, कारण टोनर उरतो आणि कार्ट्रिजमधले यांत्रिक भाग आधी झिजतात. लेझरमध्ये हेड वाळायची भानगड नाही, म्हणून महिन्यातून एकदाच छापणाऱ्या घराला तोच बरा.

‘शाई कमी आहे’ हा इशारा आला की लगेच कार्ट्रिज बदलू नका. तो अंदाजावर दिलेला असतो. अक्षर फिकं पडेपर्यंत किंवा पट्टे उमटेपर्यंत छापत राहा. टँकमध्ये मात्र उलट आहे. खालच्या रेषेखाली शाई जाऊ दिली तर पाइपमध्ये हवा शिरते आणि ती काढायला पुन्हा पॉवर क्लीनिंगच करावी लागते. आणि ड्रायव्हर नव्याने बसवला किंवा विंडोजचं मोठं अपडेट आलं की एकदा प्रेफरन्सेस उघडून पाहा. सेटिंग कारखान्याच्या मूळ अवस्थेत गेलेली असू शकते, आणि प्रिंटर ते स्वतःहून सांगत नाही.